झोपेपुरती जागा

आमच्या भिवंडीत सावळाराम जॉबरबद्दल असं बोलतात, की केसर प्लाझाचं काम सुरू झालं त्या दिवशी हा माणूस जेसीबीसमोर आडवा पडला आणि शेठकडून गाळा लिहून घेतल्याशिवाय उठला नाही.

स्टँडवरचे रिक्षावाले ही गोष्ट सांगतात ती स्टिअरिंगवर हात आपटून: "अपना सावळाराम! सीधा मशीन के सामने लेट गया. बोला, पहले गाला दो, बाद में खड्डा खोदो!" आमच्या चाळीतल्या आनंदीबाई कुठलीही बातमी सांगायच्या आधी छातीवर हात ठेवतात आणि आवाज खाली नेतात, म्हणजे तिसऱ्या खोलीपर्यंत नीट पोचतो. त्यांच्याकडे गाळे दोन झालेले आहेत. "एक याच्या नावावर, एक बायकोच्या. वर हॉटेलात चहा जन्मभर फुकट. मी कोणाला बोलत नाही, तुलाच सांगते." आणि आमचे क्लासचे सर फळ्याकडे बघतच बोलले होते, "याला म्हणतात एका सामान्य कामगाराने भांडवलाला दिलेलं आव्हान. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही, कारण मी तिथे होते. यातलं 'आडवा पडला' एवढंच खरं आहे. सावळाकाका त्या दिवशी झोपला होता.

आमची आणि त्याची खोली शेजारीशेजारी, कामतघरात. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे त्यांच्या घरात फोडणी पडली की ठसका आमच्याकडे, आणि आमच्याकडे भांडण झालं की निकाल त्यांच्याकडे. लहानपणापासून या भिंतीला कान लावून मी मोठी झाले, आणि ऐकेन त्याची नक्कल करायला शिकले. हौसाकाकी, म्हणजे सावळाकाकाची बायको, वाक्याचं शेवटचं अक्षर ओल्या कपड्यासारखं पिळते: "ज्येवाऽऽऽ." तो स्वतः बोलतो तेव्हा ओठ पुरेपूर हलवतो आणि आवाज घालायचा विसरतो. साच्यांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, तिथली माणसं ओठ वाचतात. आमच्याकडे लूमला साचा बोलतात. अडतीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर सावळाकाकाला बाहेर आल्यावरही आवाजाची गरज वाटेना. बाजारातले लोक समजतात की म्हातारा बहिरा आहे. तो बहिरा असता तर ही गोष्टच झाली नसती.

तो मूळचा अंजूरचा. अठराव्या वर्षी खाडीकडची शेतं सोडून केसरीनाथ शेठच्या कारखान्यात दोऱ्याच्या कांड्या भरायला आला आणि पुढे तिथला जॉबर झाला. जॉबर म्हणजे साच्यांचा डॉक्टर. दोरा ओढत धावणारा धोटा अडकला, त्याला ठोकरणारा पिकर सैल झाला, पट्टा घसरला, की सगळे त्याला हाक मारणार. कारखाना शहराच्या अगदी मधोमध, एसटी स्टँडच्या मागे. चोवीस साचे, वर कौलं, कौलांत सहा काचा. काका रात्रपाळी करायचा आणि सकाळी घरी यायचा तो फक्त जेवायला. जेवून पुन्हा कारखान्यात, झोपायला. शेवटच्या रांगेमागे एका फळीवर गोणपाट टाकून, दिवसपाळीचे चोवीस साचे चालू असताना, दुपारी तीनपर्यंत.

"बाकीच्या बायकांना एक सवत असते," हौसाकाकी सांगायची, "मना चोवीऽऽस."

मी एकदा डबा द्यायला गेले होते, सातवीत असताना. काचांमधून उन्हाचे सहा खांब उतरलेले. त्या खांबांमध्ये कापसाचा भुगा तरंगत होता, वरही जात नव्हता आणि खालीही येत नव्हता. आणि खाली सावळाकाका झोपलेला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, छातीवर पातळ पांढरी चादर, कोणी न विणलेली. आजूबाजूला असा दणका की माझ्या हातातल्या डब्याचं झाकण थरथरत होतं. तो जागा झाला आणि मला बघून ओठांनी बोलला, की आता स्वप्नात कापड संपतच नव्हतं. खिडकीतून बाहेर गेलं, स्टँडवरून गेलं, खाडीवर पसरलं, आणि अंजूरची माणसं त्याच्यावरून चालत पलीकडे चालली होती. कोणाचे पाय भिजले नाहीत.

"मग?" मी ओरडून विचारलं.

"मग काय. तू आयलीस."

दोन हजार पाच साली केसरीनाथ शेठ वारले. त्यांचा मुलगा भावेश शेठ. तो प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युली'ने उघडतो, जसा आपण दरवाजा पायाने ढकलतो. "ॲक्च्युली शहराच्या मध्यात साचे ठेवणं म्हणजे वेडेपणा हाय. ॲक्च्युली तिथे खाली शॉपिंग आणि वर हॉटेल पाहिजे." साचे भंगारात गेले. हातोड्याने फोडून, टेम्पोत भरून. कौलं उतरली, भिंती पडल्या, सभोवती पत्रे लागले आणि पत्र्यांवर केसर प्लाझाचं एक भलंमोठं चित्र आलं. काचेची इमारत, कारंजं, ताडाची झाडं, खाली चालणारी माणसं. सगळी गोरी, आणि इतक्या मोठ्या बाजारात येऊन कोणाच्याच हातात पिशवी नाही.

"हाटेल म्हणजे भजी तरी चांगली मिळतील," हौसाकाकी चित्राकडे बघत बोलली.

"काकी, राहायचं हॉटेल," मी बोलले.

"राहायला? भिवंडीत?" ती इतकी हसली की पदराने डोळे पुसले. "हितली माणसं बाहेर जायला बघतात, आणि हा भावेश त्यांना गाद्या घालतोय!"

सावळाकाका हसला नाही. त्याची झोप गेली होती.

म्हणजे पार गेली. रात्री नाही, दुपारी नाही. कामतघरात साच्यांना तोटा नाही, आमच्या चाळीच्या तिन्ही बाजूंना कारखाने आहेत. इथे लाईट गेली आणि साचे थांबले की तान्ही मुलं दचकून रडायला लागतात, इतका हा आवाज आमच्या हाडात आहे. पण काका खाटेवर डोळे उघडे ठेवून पडायचा. थोड्या वेळाने कडी वाजायची. तो बाहेर जाऊन कुठल्या तरी कारखान्याच्या दाराशी उभा राहायचा, आणि परत यायचा. पुन्हा पडायचा. पुन्हा कडी. आठ दिवसांत त्याचा चेहरा भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला.

माझं डोकं लगेच चाललं. याला याच्याच साच्यांचा आवाज पाहिजे! मी त्याच्या खाटेशी बसले आणि तोंडाने साचा चालू केला. जिभेने धोटा, टाळूने ठोका, मधे थोडी शिट्टी. चाळीतली पोरं यावर नाचतात. काका मन लावून ऐकत राहिला, डोळे मिटून. मला वाटलं लागली.

"कोणाचा साचा हा?" त्याने विचारलं.

"माझाच की."

"पिकर ढिला हाय तुझा. धोटा उजवीकडं उशिरा पोचतोय." त्याने डोळे उघडले. "यावर कोण झोपंल?"

हौसाकाकी आतून ओरडली, "तुजा साचा दुरुस्तीला टाऽऽक, करिष्मा!"

अकराव्या दिवशी दुपारी तो घरातून गेला तो आलाच नाही. काकीने मला शोधायला धाडलं. "बघ गं, तुजा काका कुठं आडवा झालाय का." तिला शब्दशः तसं म्हणायचं नव्हतं.

कारखान्याच्या जागेवर पत्र्याचं फाटक उघडं होतं. मी आत गेले आणि थांबले. इतकी मोकळी जागा मी भिवंडीत कधी पाहिली नव्हती. सगळी जमीन सपाट, तांबूस, आणि तिच्यावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारलेल्या. लांबच लांब, सरळ, पांढऱ्या. साईटवरचा इंजिनियर प्रितेश दोरी गुंडाळत होता. तो नवीन शिकून आलेला, आणि प्रत्येक गोष्ट मोजल्याशिवाय सांगायचा नाही. "हे साधारण नऊ फूट पॅसेज. इथे साधारण बारा बाय चौदाचं दुकान. तू आत्ता साधारण भिंतीत उभी आहेस." मी पटकन बाजूला झाले. मग आम्ही दोघंही त्या नसलेल्या घरात नीट दारादारातून चालत गेलो. उन्हात रेघा किंचित हलत होत्या, जशा पाण्याखाली असाव्यात.

आणि तिकडे, मागच्या बाजूला, पूर्वी त्याची फळी असायची तिथे, एका चौकोनाच्या मधोमध सावळाकाका झोपला होता.

"फाटकापासून पावलं मोजत आला," प्रितेश बोलला. "कुठल्याही रेघेवर पाय दिला नाही. दारातूनच आत गेला, चप्पल बाहेर काढली, आणि..."

चप्पल खरंच चौकोनाबाहेर होती, जोडीने.

तेवढ्यात जेसीबी आत आली. ड्रायव्हर आझमगढचा, तोंडात मावा, त्यामुळे बोलताना आभाळाकडे बघणारा. "ए चाचा! ये सोने का जगा है?" मशीन धडधडत तीन हातांवर येऊन थांबली, काका हलला नाही. फाटकाशी माणसं जमायला लागली. कोणी बोललं मेला, कोणी बोललं धरणं धरलंय. मग भावेश शेठची गाडी आली. त्याने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि एकदम शांतता झाली.

काकाने डोळे उघडले. "बंद का केली रं?"

"काका," भावेश शेठ उकिडवा बसला. लहानपणी काकाने त्याला कारखान्यात खांद्यावर फिरवलं होतं, त्यामुळे त्याला नीट रागावताही येत नव्हतं. "ॲक्च्युली सरळ बोला. काय पाहिजे तुम्हाला? गाळा?"

"न्हाय."

"मग?"

"झोप."

"झोप घरी मिळत नाही?"

"घरी मिळाली असती तर तुज्या मातीत कशाला आलो असतो, भावेश?"

फाटकावरच्या लोकांना यातलं काही ऐकू गेलं नाही, कारण काकाने आवाज घातलाच नव्हता. त्यांनी फक्त ओठ पाहिले, आणि घरी जाता जाता त्या ओठांत आपापले शब्द भरले. गाळा तिथे जन्मला.

भावेश शेठ मात्र घाबरला होता. एक म्हातारा आडवा झाला तर उद्या चोवीस साच्यांचे सगळे जुने कामगार अंथरूण घेऊन येतील. दुसऱ्या दिवशी तो कागद टाईप करून घेऊन आला, थेट आमच्या चाळीत. 'सदर जागेवर माझा कोणत्याही प्रकारचा हक्क अथवा मागणी नाही.' काकाने तो वाचला, ओठ हलवत, दोनदा.

"यात लिही, झोपण्याशिवाय."

"ॲक्च्युली म्हणजे?"

"दुपारी दोन तास झोपण्याशिवाय कायच हक्क न्हाय. असं लिही. मग मी सही करतो."

भावेश शेठ हसला. त्याला सुटल्यासारखं झालं. त्याने खिशातलं पेन काढून स्वतःच्या अक्षरात ते शब्द वर घातले आणि शेजारी सही ठोकली. तो गेल्यावर हौसाकाकीने जे भांडं हाताला लागलं ते जोरात ठेवलं. "मेल्या, अख्खी भिवंडी बोलते गाळा माग! तर ह्यानं काय मागितली? झोऽऽप! उद्या सावली मागशील, परवा वारा मागशील!"

"वारा पण बरा हाय तिथं," काका बोलला.

त्यानंतर दोन वर्षं तो रोज दुपारी तिथे झोपला. प्रितेशला नियमाची काळजी, म्हणून त्याने काकाला पिवळं हेल्मेट दिलं. ते डोक्यावर घालून, हनुवटीखाली पट्टा लावून काका आडवा व्हायचा. सुरुवातीला तो त्या फक्कीच्या चौकोनात पडून वर बघायचा. प्रितेशने त्याला सांगितलं होतं, की तुमच्या बरोब्बर वर, साधारण चोवीस फुटांवर, हॉटेलची खोली येणार. दोनशे सात नंबर.

एका दुपारी मी क्लासवरून येताना डोकावले, तर काका झोपायच्या बेतात होता. त्याने मला बोटाने आभाळ दाखवलं. "दोनशे सातमध्ये घार फिरतेय बघ."

खरंच फिरत होती. अगदी सावकाश, खोलीच्या चारही भिंतींना पंख लावून बघितल्यासारखी.

मग खड्डा झाला, पाया भरला, खांब उठले. पहिला स्लॅब पडला तेव्हा खालची जागा काळोखी आणि ओली झाली, तर प्रितेशने काकाला वर यायला सांगितलं. काका वर गेला, पुन्हा मोजून, तेवढ्याच पावलांवर. दुसरा स्लॅब झाला तेव्हा आणखी वर. जागा त्याची तीच, फक्त जमिनीपासून लांब जात राहिली. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तो दोनशे सातमध्ये झोपत होता, तेव्हा तिला भिंती नव्हत्या.

मी काकीबरोबर एकदा गेले होते. बांबूच्या परांच्या, सळ्यांची रानं, आणि मधे सिमेंटच्या थंड लादीवर पिवळं हेल्मेट घातलेला माणूस. चारही बाजूंनी भिवंडी. पत्र्यांची छपरं उन्हात पाण्यासारखी दिसत होती, आणि फार लांब अंजूरकडे खरं पाणी होतं, ते पत्र्यासारखं. खाली हजारो साचे चालत होते, पण इतक्या वर त्यांचा वेगवेगळा आवाज येत नव्हता. सगळे मिळून एक घुमारा, जसा शंख कानाला लावल्यावर येतो. हौसाकाकी पदर धरून कडेपासून चार हात लांब बसली.

"हितनं कुठला कोणाचा कळत न्हाय," काका झोपेत शिरताशिरता बोलला. "बरं वाटतं."

मी मनात बोलले, बघा, म्हणजे आवाजच पाहिजे याला. सगळ्या भिवंडीचा.

दिवाळीनंतर काचा लागल्या. आतलं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं, दाराशी टोपीवाले रखवालदार आले, प्रितेशची बदली दुकानांच्या मजल्यावर झाली. काकाला फाटकावरच थांबवलं. तो हेल्मेट दाखवत राहिला, ते बोलले, "बाबा, काम खतम. अब मार्बल है."

पुन्हा झोप गेली. या वेळी जास्त वाईट. पहिला महिना तो नुसता गप्प होता. दुसऱ्या महिन्यात त्याने पेटत्या स्टोवर रिकामं पातेलं ठेवलं आणि ते नुसत्या हातांनी उचललं, चहा झाला समजून. तिसऱ्या महिन्यात भर नाक्यावर रस्त्यात उभाच राहिला, आणि एका रिक्षाने त्याचा सदरा फाडून नेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि बाहेर येऊन काकीला सांगितलं, असं चाललं तर हा माणूस एखाद्या दिवशी गाडीखाली जाईल किंवा नुसता बसल्याजागी विझेल.

"गोळीनं पापण्या मिटतात," काका मला बोलला. "कान न्हाय मिटत."

त्या दिवशी हौसाकाकीने पिठाच्या डब्यामागून तो कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता. इतक्या शिव्या देऊन तिने तो जपला होता. मला बोलली, "चल. वाचायला तू लागशील."

भावेश शेठचं ऑफिस तळमजल्यावर, सगळीकडे रंगाचा वास. उद्घाटन पंधरा दिवसांवर आलं होतं.

"काकी, ॲक्च्युली ते आपण गमतीत लिहिलं होतं."

"गमतीत? सही पण गमतीत केलीऽऽस?"

"इथे आता बुकिंग होणार. सुरतचे व्यापारी येणार. रोज एक माणूस येऊन झोपून गेला तर..."

"हाटेलात झोपत न्हायत तर काय नाचतात?"

मी हसू गिळलं. भावेश शेठने पंखा मोठा केला. काकी खुर्चीत नीट रेलली. "बघ भावेश. उद्घाटनाला पेपरवाले येतील ना? मी पण येईन. हा कागद घेऊन फितीच्या बाजूला उभी राहीन. कायच बोलणार न्हाय. करिष्मा वाचून दाखवंल. तुज्या आवाजात."

भावेश शेठने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त घसा साफ केला.

शेवटी त्याने तोडगा काढला. उद्घाटनाआधी एक दुपार, काकांनी दोनशे सातमध्ये झोपून दाखवायचं. दोन तासांत झोप लागली तर पुढे दर सोमवारी दुपारी जी खोली रिकामी असेल ती काकांची. नाही लागली तर कागद परत, आणि विषय संपला. "ॲक्च्युली त्यांना इथे झोप येणारच नाही," तो बोलला. "या काचा बघा. बाहेर बॉम्ब फुटला तरी आत कळत नाही."

हे ऐकून मला वाटलं, हा माणूस पक्का धंदेवाला आहे, त्याला सगळं माहीत आहे. साच्यांच्या आवाजात झोपणाऱ्याला काचेच्या पेटीत ठेवायचं आणि घड्याळ लावायचं!

ठरल्या दिवशी काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. प्रितेश साक्षीदार म्हणून घड्याळ घेऊन. पॅसेजमध्ये गालिचा होता, आमच्या पायांचा आवाज येईना. मला चालतानाच भीती वाटत होती, जणू आम्ही चौघं चित्रातून जात होतो. दोनशे सातच्या दाराशी मी काकाला थांबवलं.

"काका, तुम्हाला इथे झोप येणार नाही. आपण भावेश शेठला सांगू, गच्चीवर जागा द्या. तिथे साचे ऐकू येतात."

"येईल झोप."

"नाही येणार! पैज लावते."

त्याचे डोळे इतके लाल होते, तरी त्यांत काहीतरी चमकलं. "लाव. मना झोप लागली तर तू आठ दिवस कोणाची नक्कल करायची न्हाय. माजी न्हाय, तुज्या काकीची न्हाय, कुत्र्याची पण न्हाय."

"आणि नाही लागली तर तुम्ही काकीसमोर कबूल करायचं, की गाळा मागायला पाहिजे होता."

"ते पण रोज बोलायचं, आठ दिवऽऽस," काकी मधेच पडली. तिला दोन्ही बाजूंनी फायदाच होता.

आत गेलो. दार लागलं, आणि जग बंद झालं. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्याच रक्ताची सळसळ कानात यायला लागली. जाड काचेपलीकडे भिवंडी होती, पत्रे चकाकत होते, एक रिक्षा दुसरीला घासत होती, दोन ड्रायव्हर उतरून हातवारे करत होते, आणि यातलं काहीच आत येत नव्हतं. पाळण्यातल्या मुलाला दिसावं तसं सगळं दिसत होतं, अर्थाशिवाय.

काका खोलीच्या मधोमध उभा राहिला. नवीन साचा बसवल्यावर जॉबर जसा उभा राहतो तसा, मान थोडी कलती करून. त्याने एसीकडे कान दिला. मग नळाकडे. मग दाराच्या बिजागरीकडे. मग भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. प्रितेशने घड्याळाकडे पाहिलं, मी प्रितेशकडे.

काकाने चप्पल काढली. गादीवर आडवा झाला.

"हितं कायच बिघडलेलं न्हाय," तो बोलला. या वेळी आवाजात. "कोणाकडं जायला नको."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण पैज लावून झाली होती. त्याला आवाज नको होता, शांतताही नको होती. चोवीस साच्यांमध्ये तो झोपायचा, कारण ते चोवीसही त्याने स्वतः नीट केलेले असायचे. कामतघरात तीन बाजूंनी लोकांचे ढिले पिकर, घसरते पट्टे, अडखळणारे धोटे, आणि त्याचे कान अजून ड्युटीवर. हाक आल्यासारखा तो उठायचा, दुसऱ्याच्या दाराशी जायचा, आणि साचे आपले नाहीत म्हणून परत यायचा.

मी आशेने त्याच्या पापण्या बघत होते. पाच मिनिटं. सात. हौसाकाकी खुर्चीच्या प्लॅस्टिकवर न हलता बसली होती, आवाज होऊ नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत चढवून. नवव्या मिनिटाला काकाचा हात गादीवरून घसरला आणि लोंबत राहिला. प्रितेशने हळूच बोट वर केलं. काकीने पदर तोंडाला लावला, पण हसायला नाही.

आणि मग, त्या काचबंद शांततेत, सावळाकाका घोरायला लागला. आधी बारीक, दाराची फट उघडल्यासारखा. मग मोठा, गोल, मधे एक शिट्टी, शिट्टीनंतर एक थांबा, इतका लांब की पुढचा येतो की नाही असं वाटावं, आणि मग तो यायचाच, खालून, खाडीला भरती आल्यासारखा. इतकं सुंदर, इतकं नकलेला योग्य असं मी भिवंडीत काही ऐकलं नव्हतं. माझे ओठ आपोआप गोल झाले.

काकीने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. पैजेचा पहिला दिवस सुरू झाला होता.